मदत हवी आहे: गर्भातील उंदरांच्या मेंदूत नर-मादी फरक दिसतो, पण तो संप्रेरकांचा मानावा की गुणसूत्रांचा?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची असून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. घरी कोंकणी, वाचन मराठी आणि अभ्यास इंग्रजी अशी आमची तऱ्हा असल्याने परिभाषेत कुठे चुकले तर सांभाळून घ्यावे.

प्रकल्पासाठी मी सार्वजनिक संग्रहातून उंदराच्या साडेचौदा दिवसांच्या गर्भांच्या मेंदूतील आरएनएची माहिती घेतली आहे. नमुन्यांवर गर्भाचे लिंग नोंदवलेले नव्हते. म्हणून ज्यांत एक्सिस्ट हे (माद्यांतील दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय करणारे) जनुक भरपूर व्यक्त झाले होते ते मादी, आणि ज्यांत वाय गुणसूत्रावरील डीडीएक्स३वाय व ईआयएफ२एस३वाय दिसली ते नर, अशी वाटणी मी केली. दोन नमुन्यांत मात्र दोन्ही खुणा एकत्र आढळतात. बाकीच्यांची तुलना केली तेव्हा यादीच्या वरच्या भागात अपेक्षेप्रमाणे एक्स-वायवरचीच जनुके आली, पण त्यांच्या खाली इतर गुणसूत्रांवरचीही काही आहेत आणि माझी खरी अडचण तीच आहे.

‘नरांच्या टेस्टोस्टेरॉनमुळे’ असे लिहून मोकळी हो, असा सल्ला मला मिळाला आहे. तो निराधार नाही. गरोदर गिनीपिगांना टेस्टोस्टेरॉन दिल्यास त्यांच्या मादी पिल्लांचे प्रौढपणीचे लैंगिक वर्तन बदलते, हे फिनिक्स व सहकाऱ्यांनी १९५९ मध्येच दाखवले. (सत्तरी तालुक्यात माझ्या मामाच्या गोठ्यात पाडा-पाडी अशी जुळी झाली होती, आणि ती पाडी पुढे कधी गाभण राहिली नाही. जुळ्यांच्या वारेतील रक्तवाहिन्या जोडल्या जाऊन भावाची संप्रेरके बहिणीत उतरतात, ही लिली यांची १९१६-१७ मधील मांडणी वाचताना मला तीच आठवली.) परंतु २००३ मध्ये ड्युईंग, विलेन आदींनी उंदराच्या अवघ्या साडेदहा दिवसांच्या गर्भाच्या डोक्यात पन्नासहून अधिक जनुकांची अभिव्यक्ती नर-मादीत वेगळी असल्याचे नोंदवले, आणि त्या वेळी वृषण तयारच झालेले नसते. वृषणांतून टेस्टोस्टेरॉन येऊ लागते ते साधारण तेराव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे माझ्या नमुन्यांत दोन्ही कारणे आधीच एकमेकांत मिसळलेली आहेत. अशा माहितीवरून कारण ठरवता येते का, आणि त्या दोन संमिश्र नमुन्यांचे काय करावे?

प्रतिसाद:

आधी संमिश्र नमुने. वाय-जनुकांची पातळी इतर नरांएवढीच असून एक्सिस्ट अगदी फिकट असेल, तर तो नरच असून त्यात आईचे रक्त किंवा शेजारच्या बहिणीची ऊती मिसळली असावी. दोन्ही खुणा निम्म्याच्या आसपास असतील, तर नर व मादी गर्भांचे मेंदू एकत्र करून आरएनए काढले असण्याची शक्यता अधिक. काही असो, ते दोन्ही नमुने वगळा आणि तसे स्पष्ट लिहा.

कारणाविषयी तुमची शंका रास्त आहे. हे दोन धागे सोडवण्यासाठीच एसआरवाय हे वृषण घडवणारे जनुक वाय गुणसूत्रावरून काढून दुसऱ्या गुणसूत्रावर बसवलेले उंदीर तयार केले गेले; त्यांत एक्सएक्स असूनही वृषण किंवा एक्सवाय असूनही अंडाशय असलेले प्राणी मिळतात. तुमच्याकडे अशी जोडणी नाही. तरीही केडीएम६ए, केडीएम५सी यांसारखी जी एक्सवरील जनुके निष्क्रियतेतून निसटतात, त्यांची मादीतील जास्त पातळी थेट गुणसूत्रांच्या खात्यावर टाकायला हरकत नाही. उरलेल्यांसाठी साडेदहा-अकरा दिवसांच्या गर्भांची माहिती मिळवून पाहा: तिथेही फरक त्याच दिशेने असेल, तर निदान त्याची सुरुवात तरी वृषणाच्या संप्रेरकाने झालेली नाही. तिथे फरक नसेल, तर मात्र लगेच ‘संप्रेरक’ म्हणू नका, कारण त्या तीन-चार दिवसांत मेंदूतील पेशीही बदललेल्या असतात.

आणखी एक, जे बहुतेक जण विसरतात: एकाच वेतातील भावंडे ही स्वतंत्र नमुने नव्हेत. शिवाय गर्भाशयात दोन नरांच्या मधे वाढलेल्या मादीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त असते, हे फॉम साल व ब्रॉन्सन यांनी १९८० मध्ये दाखवले आहे. कोणता गर्भ कोणत्या आईचा, ही नोंद आहे का?

धागाकर्ती:

मनःपूर्वक आभार. ते दोन्ही नमुने आजच तपासले: एकात एक्सिस्ट फिकट आहे, दुसऱ्यात सगळेच निम्मे. आईची नोंद मात्र निम्म्याच नमुन्यांना आहे, आणि गर्भाशयातील जागा तर कोणाचीच नाही. नोंद असलेलेच नमुने ठेवले तर नर चार आणि माद्या तीन उरतात. एवढ्यावर तुलना करणे योग्य ठरेल, की सगळे नमुने ठेवून ही त्रुटी मर्यादा म्हणून नोंदवावी?