हजाराची वाढ, 2 लाखांची ठेव आणि तोच हप्ता: हिशेब कसा लावायचा?

शिरोलीकर: फाउंड्रीत आहे. हातात येणारा पगार 22,000, आता हजाराची वाढ मिळाली. घराचं कर्ज 8 लाख, 15 वर्षं. दर 9 वरून 8.25 टक्के झाल्याचं पत्र आलं, पण हप्ता 8,114 चाच कापतात. पतसंस्थेतल्या 2 लाखांच्या ठेवीची मुदत संपतेय. तिथं 9 टक्के देतात, बँकेत साडेसहा. आणि महागाई कमी झाली म्हणतात, मग बाजारखर्च का उतरत नाही?

पगारपत्रक: महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नाही, दादा. 100 चं तेल 108 झालं, पुढच्या वर्षी 111. दर 8 वरून पावणेतीनवर आला, पण तेल महागच.

वाढीची तुलना पूर्ण पगाराशी करू नका. हप्त्याला महागाई लागत नाही. ती लागते उरलेल्या 13,886 रुपयांना. वाढ मूळ पगारात आली असेल आणि पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापत असतील तर 120 पीएफला जाऊन 880 हातात. म्हणजे घरखर्च 6.3 टक्क्यांपर्यंत वाढला तरी बरोबरी. कंपनी 15,000 च्या मर्यादेवरच पीएफ (1,800) कापत असेल तर हजार पूर्ण मिळतील.

स्लिप बघा, हजार कुठल्या रकान्यात घातलेत. मूळ पगार किंवा महागाई भत्ता असेल तर ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) वाढते, तीही मागच्या सगळ्या वर्षांसकट: वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा, या (15/26) हिशेबानं 10 वर्षांच्या नोकरीवर 5,770 रुपये. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू होण्याआधी ‘इतर भत्ता’ असेल तर सहसा यातलं काही मिळत नव्हतं. बोलणी करताना बहुतेकजण आकड्यावर भांडतात आणि रकाना सोडून देतात. किमान वेतनावर असणाऱ्यांनी जानेवारी आणि जुलैत विशेष भत्ता बदलला का हेही तपासावं.

हप्तेबंद: बँक फसवत नाही. दर उतरला की बऱ्याच बँका हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, आणि तुमच्या फायद्याचं तेच आहे. कर्ज नवीनच आहे असं धरून: हप्ता 7,761 करून घेतला तर 180 महिन्यांत साधारण 63,500 वाचतील. 8,114 च ठेवला तर कर्ज 166 व्या महिन्यात फिटतं, वाचतात जवळपास 1 लाख 19 हजार. मात्र उरलेली मुदत लेखी मागून घ्या.

एक फरक ध्यानात असू दे. ऑक्टोबर 2019 पासून व्यापारी बँकांची नवी, बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो) बाहेरच्या दराला जोडावी लागतात, आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर त्यानुसार ठरवावा लागतो. नागरी सहकारी बँका नि पतसंस्थांना ती सक्ती नाही. तिथं रेपो कितीही उतरू दे, मागितल्याशिवाय दर हलेलच असं नाही.

ठेवीदार_राजारामपुरी: 9 टक्क्यांवर भुलू नका भावा. बँकेतल्या ठेवीला, नागरी सहकारी बँकेतल्यासुद्धा, मुद्दल-व्याज मिळून माणशी 5 लाखांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेला तो नाही. अडीच टक्के जादा मिळतात ते या जोखमीचे. ठेवायचेच असतील तर आधी वार्षिक अहवाल मागा: लेखापरीक्षण वर्ग कुठला, थकबाकी किती. अहवाल द्यायला टाळाटाळ केली तर तिथं थांबू नका.

खरं तर तुमच्यासाठी सगळ्यात चांगली ‘ठेव’ कर्जच आहे. बँकेत साडेसहा मिळणार, कर्जावर सव्वाआठ जाणार. तीन महिन्यांचा खर्च, हप्त्यासह धरून 66,000, बाजूला काढा आणि उरलेले 1 लाख 34 हजार मुद्दलात भरा. बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँक आगाऊ भरण्याचा दंड लावू शकत नाही. ‘मुद्दलात जमा, हप्ता तोच, मुदत कमी’ असं अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर रक्कम पुढच्या हप्त्यांपोटी नुसती पडून राहू शकते.

शिरोलीकर: ते 66,000 एकाच पावतीवर ठेवू का?

ठेवीदार_राजारामपुरी: नको. 22,000 च्या तीन पावत्या करा. मुदतीआधी मोडली की व्याज कापतात. गरज पडली तर एकच मोडेल.