दगडी पाला, हळद आणि दाढेचा खड्डा

दाढ काढल्यावर रक्त थांबेना म्हणून खड्ड्यात हळद भरली, आणि ‘जखमेवर दगडी पाला चालतो, मग तोंडात का नको?’ असं एकानं विचारलंय, त्याबद्दल.

शेतात विळा लागला की आम्हीही दगडी पाला चोळून लावतो. पण कातडीवरची चीर वेगळी आणि हाड उघडं पडलेला खड्डा वेगळा. पाल्याबरोबर माती नि जंतू आत जातात, पूड भरताना धरू लागलेली गुठळी हलते. कृपा करून काही भरू नका.

वनस्पतींत गुण नाही असं मात्र मुळीच नाही. तुर्कस्तानात ‘अंकाफर्ड’ नावाचं औषध आहे: थाइम, ज्येष्ठमध, द्राक्षवेल, कुलिंजन आणि नेटल या 5 वनस्पतींचा अर्क. रक्ताला लागताच प्रथिनांचं जाळं तयार होतं आणि तांबड्या पेशी त्यात गोळा होतात. रक्त गोठवणाऱ्या घटकांवर त्याची फारशी भिस्त नाही, म्हणून हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांच्या दाढा काढतानाही ते वापरलं गेलंय. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

घरी स्वच्छ गॉझ (जखमेवर लावायचं जाळीदार कापड) 30 मिनिटं सलग चावून धरा, सारखं उघडून बघू नका. गॉझ नसेल तर काळ्या चहाची भिजवून गार केलेली पिशवी चालते, तिच्यात टॅनिन हा रक्त थांबायला मदत करणारा तुरट घटक असतो. तरीही वाहत राहिलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. माझ्या आईला वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. तिची दाढ आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासूनच काढली. अशी गोळी परस्पर बंद करू नका.