न्यूकीला मुलांसह सर्फिंग : कोणता किनारा निवडावा?

प्रश्न – रेडिंगकर

नमस्कार. येत्या उन्हाळी सुट्टीत इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील न्यूकी येथे चार दिवस राहण्याचा आमचा विचार आहे. मुले ७ आणि ११ वर्षांची असून दोघांनाही पोहता येते, परंतु ते तरणतलावातले पोहणे. समुद्रात बोर्ड घेऊन ती अद्याप उतरलेली नाहीत. सोबत साताऱ्याहून आलेले सासू-सासरे असतील आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे सासूबाईंना पायऱ्या चढवत नाहीत. फिस्ट्रल किनाऱ्याचे नाव सर्वत्र ऐकू येते, म्हणून तिथेच शिकवणी लावावी असे मनात होते; मात्र गाव रात्री फार गजबजलेले असते, असे एका सहकाऱ्याने सांगितल्यामुळे थोडी धास्ती वाटते. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – ब्रिस्टलवासी

आम्ही सलग तीन उन्हाळे मुलांना घेऊन तिथे गेलो आहोत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फिस्ट्रल पश्चिमेकडे तोंड करून थेट अटलांटिकला सामोरा आहे, त्यामुळे दूरच्या वादळातून आलेली लाट तिथे जोर न गमावता पोहोचते. तिथे स्पर्धा भरतात त्या याच कारणाने. समुद्र शांत असेल तर नवशिक्यांनाही तिथे शिकवतात, पण पहिल्याच दिवशी ७ वर्षांच्या मुलाला तिथे उतरवणे मला योग्य वाटत नाही. गावाच्या मधोमध, बंदराला लागून असलेला टावन आणि त्याच्या शेजारचा ग्रेट वेस्टर्न हे दोन्ही किनारे बऱ्यापैकी आडोशाला असल्यामुळे तिथली लाट सहसा लहान असते.

शिकवणीचा पहिला भाग वाळूवरच होतो. बोर्डवर पालथे झोपायचे, छातीखाली हात टेकायचे आणि एका दमात दोन्ही पाय खाली ओढून उभे राहायचे, हे दहा-बारा वेळा घोटून घेतल्यावरच पाण्यात नेतात. तिथेही कमरेइतक्या पाण्यात प्रशिक्षक बोर्ड धरून ठेवतो आणि मागून योग्य लाट आली की हलकेच ढकलतो. आमची धाकटी दुसऱ्या दिवशी जेमतेम गुडघ्यांवर उठली आणि फेसाबरोबर थेट वाळूपर्यंत आली. त्या वेळचा तिचा चेहरा मला अजून आठवतो. वयाची अट प्रत्येक शाळेत वेगळी असल्यामुळे धाकट्यासाठी आधी विचारून घ्या. ऑगस्टमध्येही पाणी १६-१७ अंशांच्या आसपासच असते, तेव्हा अंगाला घट्ट बसणारा वेटसूट (थंडीपासून बचाव करणारा रबरी पोशाख) हवाच. सैल सूटमध्ये पाणी खेळत राहते आणि मूल पंधरा मिनिटांत कुडकुडू लागते.

उत्तर – मूळची मालवणची

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय शिकवणीची वेळ ठरवू नका, हे मला आवर्जून सांगायचे आहे. मालवणात उधाण पाहतच मी वाढले, तरीही न्यूकीची भरती पाहून चकित झाले. तिथे उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी ६ मीटरपेक्षा अधिक खाली-वर होते, आणि ओहोटीला टावन व ग्रेट वेस्टर्न यांना जोडणारी जी प्रशस्त वाळू दिसते, ती भरतीला जवळजवळ पूर्ण गडप होते. पहिल्या वर्षी आम्ही कड्याच्या पायथ्याशी चटई अंथरून निवांत बसलो होतो. जीवरक्षकाने वेळीच येऊन उठवले नसते, तर सामान भिजलेच असते.

जीवरक्षकांचे झेंडे मुलांना आधीच समजावून सांगा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग पोहण्यासाठी आणि पोटावर झोपून चालवायच्या छोट्या बोर्डसाठी असतो, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या झेंड्यांचा भाग सर्फबोर्डसाठी, आणि केवळ लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊलही टाकायचे नाही. आत समुद्राकडे खेचणाऱ्या ओढीच्या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये. उताणे तरंगत राहून हात वर करावा. ओहोटीच्या उथळ पाण्यात वीव्हर नावाचा मासा वाळूत दडून बसतो आणि त्याचा काटा पायात गेला की असह्य कळ येते. अशा वेळी सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवतात, आणि जीवरक्षकांकडे त्याची सोय मिळते.

सासूबाईंसाठी टावनच्या वरच्या बाजूचे किलाकोर्टचे हिरवे मैदान उत्तम आहे, कारण तिथल्या बाकावर बसून खालचा संपूर्ण किनारा दिसतो. टावनला उताराच्या रस्त्याने जाता येते आणि फिस्ट्रलला वाहनतळ किनाऱ्यालगतच आहे. लस्टी ग्लेझ आणि टॉलकार्न यांना मात्र बऱ्याच पायऱ्या असल्यामुळे ते किनारे टाळा.

उत्तर – प्लिमथकर

मुक्कामाबद्दल थोडेसे. गजबज आहे ती मुख्यतः मध्यवर्ती रस्त्यांवर, शुक्रवारी आणि शनिवारी रात्री. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार राहावे आणि गावाच्या कडेच्या पेंटायर किंवा पोर्थ या भागांकडे घर घ्यावे. ऑगस्टच्या पूर्वार्धात फिस्ट्रल आणि वॉटरगेट बे येथे बोर्डमास्टर्स हा सर्फिंग आणि संगीताचा महोत्सव असतो. त्या काळात खोल्या महागतात, म्हणून ऑगस्टचा शेवटचा आठवडा बरा, तेव्हा पाणीही वर्षातील सर्वाधिक उबदार असते. रेल्वेने येणार असाल तर लंडनच्या पॅडिंग्टनहून ‘पार’ नावाच्या स्थानकापर्यंत यावे आणि तिथून न्यूकीची गाडी धरावी. शाकाहाराची फारशी अडचण येत नाही, कारण चीज-कांद्याची पेस्टी (सारण भरून भाजलेली करंजीसारखी) बहुतेक बेकऱ्यांत मिळते. सासू-सासऱ्यांसाठी मात्र स्वयंपाकघर असलेले घर घेणेच सोयीचे.

रेडिंगकर

सर्वांचे मनापासून आभार. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पोर्थच्या बाजूला घर पाहत आहे आणि शिकवणी टावनला, ओहोटी धरून सकाळची घेईन. वेटसूट तिथेच भाड्याने घ्यावेत की मापाचे विकत न्यावेत, एवढेच विचारायचे राहिले.

ब्रिस्टलवासी

शिकवणीच्या शुल्कात वेटसूट आणि बोर्ड बहुधा धरलेलेच असतात, म्हणून या वर्षी विकत घेऊ नका. फक्त नोंदणी करताना मुलांची उंची आणि वजन अचूक कळवा.