लिस्बनमध्ये बाहेर खायचं तर (अनुभव धागा)

हॉटेलांच्या याद्या सगळीकडे मिळतात. इथे जाणकारांनी टेबलावर बसल्यापासून बिल देईपर्यंत काय पाहायचं, काय मागायचं, कुठे फसायला होतं ते लिहावं. प्रवासवर्णन नको, नेमका तपशील हवा.

माडाचीसावली

सुरुवात 'टाश्का'पासून करा. टाश्का म्हणजे आपल्या खानावळीसारखं छोटं घरगुती ठिकाण. दारावर कागदावर हाताने लिहिलेला 'प्रातु दु दीआ' दिसला की आत शिरा. तो त्या दिवशीचा पदार्थ. दुपारचं जेवण साडेबारा ते तीन. एक वाजता ऑफिसवाले येतात आणि जागा मिळत नाही, शिवाय दोननंतर चांगले पदार्थ खोडलेले असतात. रात्री साडेसातच्या आधी भरलेलं ठिकाण बहुधा पर्यटकांचंच.

बसताक्षणी पाव, ऑलिव्ह, लोणी, कधी चीज समोर येतं. हे 'कुव्हेर', आणि ते फुकट नसतं. न मागितलेल्या आणि हात न लावलेल्या पदार्थाचे पैसे लावता येत नाहीत, असा तिथला कायदा आहे. नको असेल तर लगेच परत पाठवा. एक ऑलिव्ह तोंडात टाकलंत की वाटी तुमची.

मेनूत दोन भाव दिसले तर मोठा 'दोझ'चा, लहान 'मेया दोझ'चा. एका माणसाला मेया दोझ पुरतो. दोघांत एक दोझ मागितला तर कोणी तोंड वाकडं करत नाही.

कोथिंबीरजुडी

मराठी माणसाला हा मेनू थोडा आपोआप वाचता येतो. बटाटा तिथे 'बताता', कोबी 'कोव्ह', पाव 'पांव', अननस 'अनानाश', काजू 'काजू'. हे शब्द आपल्याकडे तिथूनच आले. फक्त 'पेरू' वाचून फळ समजू नका, तो टर्की पक्षी आहे!

शाकाहारींनी नुसतं 'सेंय कार्न' (मांस नको) म्हणू नये. मग सॅलडवर ट्यूना येतो, नाहीतर सँडविचमध्ये हॅम, कारण बऱ्याच वेटरांच्या हिशेबात ते 'मांस' नव्हे. पूर्ण वाक्य म्हणा: सेंय कार्न, सेंय पेश, सेंय फियांब्र. 'काल्दु व्हेर्द' हे बटाटा आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पानांचं सूप. त्यात शोरीसुची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची, चकती असते. चकती बाजूला काढून भागत नाही. पुष्कळदा सॉसेज सूपातच उकळलेलं असतं, म्हणून आधी विचारा.

नावावरून घाबरू नये असा पदार्थ म्हणजे 'पेशिन्युश दा ओर्ता', शब्दशः परसातले मासे. प्रत्यक्षात त्या पिठात बुडवून तळलेल्या फरसबीच्या शेंगा. पिठात अंडं असतं, आणि मासे तळलेलंच तेल आहे का ते विचारावं लागतं. टोमॅटोचा किंवा राजम्यासारख्या दाण्यांचा ओलसर भात माशासोबत देतात. तो वेगळा मागता येतो.

तारलीप्रेमी

बाकल्याव, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. तो साधारण २४ ते ४८ तास पाणी बदलत भिजवतात. जाड तुकडा कमी भिजला तर आत मीठ राहतं, जास्त भिजला तर चव पाण्याबरोबर जाते. पहिल्यांदा खाणाऱ्यांनी 'बाकल्याव आ ब्राश' घ्यावा: माशाचे धागे, कांदा, बटाट्याच्या तळलेल्या काड्या आणि अंडं. अंडं ओलसर हवं. करून ठेवलेला असेल तर अंडं घट्ट होतं आणि काड्या लिबलिबीत, म्हणून गर्दीच्या वेळीच मागवा.

भाजलेल्या सार्डिन, आपल्या तारलीच्या नात्यातल्या, जून ते सप्टेंबरमध्ये. १२ जूनच्या रात्री, सांतु आंतोनियुच्या सणाला, आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत चुली लागतात. मासा पावाच्या तुकड्यावर ठेवून खायचा. खाली झिरपलेल्या चरबीने भिजलेला तो पाव शेवटी खायचा. हिवाळ्यात मिळणारी सार्डिन बहुधा गोठवलेली असते.

मोठा मासा आणि कोळंबीचा भाव किलोवर असतो, आणि घोळ तिथेच होतो. ४० युरो किलो वाचून ताट ४० चं समजू नका. ७०० ग्रॅमचा मासा २८ युरोला पडतो. चुलीवर जाण्याआधी वजन करून दाखवायला सांगा.

दुसरीवाटी

गोड: अंड्याच्या कस्टर्डने भरलेल्या, पापुद्र्यांच्या छोट्या टार्टसाठी बेलें भागातलं १८३७ पासूनचं दुकान प्रसिद्ध आहे. रस्त्यावरची लांब रांग बहुतेक वेळा पार्सलवाल्यांची असते. आत बसायला मोठमोठी दालनं आहेत. 'पश्तैश द बेलें' हे नाव फक्त त्यांचं, बाकी सगळीकडे 'नाता'. गरमच खा, वर दालचिनी. उरलेला मायक्रोवेव्हमध्ये टाकलात तर पापुद्रे चामड्यासारखे होतात. ओव्हनमध्ये २०० अंशांवर चार-पाच मिनिटं पुरतात.

छोटी कडक कॉफी हवी तर 'बिका', दुधाची हवी तर 'गलांव'. उभ्याने काउंटरवर स्वस्त, बाहेरच्या टेबलावर महाग.

माडाचीसावली

गोव्याचं राहिलंच. पेस्ट्रीच्या दुकानांत काचेमागे दिसणारा 'शामूसा' म्हणजे समोसाच, गोवा आणि मोझांबिकमार्गे आलेला. पण त्यात बटाटा शोधू नका. बहुतेक ठिकाणी खिमा किंवा कोंबडी भरलेली असते. गोव्याचं जेवण शोधताना पाटीवर 'गोएझा' शब्द पाहा. विंदालूचं मूळ नाव 'व्हिन्या दाल्युश', वाइन आणि लसणातलं मुरवण. आपल्या मिरचीचा तडाखा तिथल्या मूळ पदार्थात नाही.

कोथिंबीरजुडी

शेवटचं, कामाचं. बरेच टाश्का रविवारी बंद असतात. काही ठिकाणी फक्त पोर्तुगीज बँकांची कार्डं चालतात, म्हणून वीस-तीस युरो रोख खिशात असू द्या. कर भावातच धरलेला असतो, टीप बंधनकारक नाही. सुट्टे नाणे ठेवून उठलात तरी चालतं.