बंदोबस्तावर हृदयविकाराने मृत्यू : सरसकट 'कर्तव्यावरचा मृत्यू' धरावा का?

तापीकाठ
अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात भरते, बोरीच्या पात्रात. पारा चाळिशीच्या बराच वर, आणि बंदोबस्त उभ्याचा. तिथं एखादा हवालदार छातीत कळ येऊन कोसळला, की कागदोपत्री तो 'सेवेत असताना नैसर्गिक मृत्यू' होतो. मग घरच्यांना मिळतं ते कचेरीतल्या लिपिकाच्या घरी मिळतं तेवढंच: कुटुंबनिवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी), गटविमा, रजेचे पैसे, अनुकंपेचा अर्ज. अपघात विमा हात वर करतो, कारण हृदयविकार अपघातात बसत नाही.

त्याच वैशाखात, 13 मे 2024 ला, जळगाव मतदारसंघात लोकसभेचं मतदान होतं. निवडणुकीच्या कामावर मृत्यू आला आणि कामाशी त्याचा संबंध दिसला, तर निवडणूक आयोगाची सानुग्रह मदत किमान 15 लाख, हिंसाचारात गेल्यास 30 लाख. घरून निघाल्यापासून परत पोचेपर्यंतचा वेळ ड्यूटीत धरतात. ऊन तेच, माणूस तोच, फक्त बंदोबस्त निवडणुकीचा की यात्रेचा यावर 15 लाखांचा फरक!

अमेरिकेत पोलीस आणि अग्निशामकांच्या वारसांसाठी 1976 पासून केंद्राचा कायदा आहे. त्यात 2003 साली दुरुस्ती झाली: नेहमीपेक्षा जास्त ताणाचं किंवा अंगमेहनतीचं काम करताना, किंवा त्यानंतर 24 तासांत हृदयविकार वा पक्षाघाताने मृत्यू आला, तर तो कर्तव्यामुळेच आला असं आधी धरायचं. नाही म्हणणाऱ्याने वैद्यकीय पुरावा द्यायचा. टेबलावरचं काम त्यातून वगळलंय. माझं म्हणणं, हेच इथं आणा.

सेवापुस्तक
तापीकाठ भाऊ, कल्पना चांगली आहे, पण घर एकरकमी पैशावर चालत नाही. ते चालतं कुटुंबनिवृत्तिवेतनावर, आणि त्यात मरणाचं कारण कोणी विचारत नाही. मूळ वेतन 40,000 असेल तर वाढीव दराने पहिली 10 वर्षं निम्मं, म्हणजे 20,000 अधिक महागाई भत्ता. पुढे 30 टक्के, म्हणजे 12,000 अधिक भत्ता. 1 नोव्हेंबर 2005 नंतर भरती झालेल्यांना हे नव्हतं. 31 मार्च 2023 च्या शासन निर्णयाने सेवेत मृत्यू झालेल्या एनपीएसवाल्यांच्या, म्हणजे नव्या अंशदायी निवृत्तिवेतन योजनेतल्यांच्या, कुटुंबांनाही ते मिळालं. मात्र मग एनपीएस खात्यातला शासनाचा हिस्सा सरकारजमा होतो आणि कर्मचाऱ्याचा स्वतःचा हिस्सा तेवढा घरी येतो. दोन्ही मिळेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

अडतं कुठं? नामनिर्देशनात. पोरगा भरती होतो, अविवाहित असतो, आईचं नाव लावतो. पुढे लग्न होतं आणि सेवापुस्तकाचं ते पान कोणी उघडतच नाही. उपदानासाठी, कुटुंब नसताना केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर निकामी ठरतं. मग सासू एकीकडे, सून दुसरीकडे आणि वारस दाखल्यासाठी कोर्ट. त्यात आधारवर माहेरचं नाव, सेवापुस्तकात सासरचं, बँकेत तिसरंच. महालेखापालांकडून प्रकरण त्रुटी लावून परत येतं ते अशाच गोष्टींवर. 'मृत्यू कर्तव्यामुळेच' हे तुमचं गृहीतक आणून यातलं काहीही सुटत नाही.

आणि न्यायाचंच बोलायचं तर त्याच यात्रेत एसटीचा चालक दिवसभर तापलेल्या केबिनमध्ये बसतो. त्याचं काय?

वाघूर
सेवापुस्तक, तुम्ही फक्त कायम नोकरीवाल्यांचं बोलताय. बंदोबस्तात खाकीतला दुसरा माणूस होमगार्ड असतो. तो मानसेवी, म्हणजे पगार नाही, नुसता भत्ता. ऑक्टोबर 2024 पासून दिवसाला 1,083 रुपये, तेही ड्यूटी लागली तर. त्याला ना सेवापुस्तक, ना कुटुंबनिवृत्तिवेतन. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये होमगार्डना कायम करायला नकार दिला, फक्त भत्ता पोलिसाच्या किमान वेतनाच्या हिशेबाने द्या म्हटलं. तुमच्या 20,000 च्या गणितात तो कुठेच नाही. निवडणूक आयोगाच्या सानुग्रहात मात्र तो बसतो. म्हणजे सगळ्या खाकीला एका मापात घेणं अशक्य नाही.

जिनिंगची आग विझवायला जाणारा कंत्राटी फायरमनही तसाच. कापसाच्या गंजीत आग आतल्या आत धुमसते, वरून विझलेली दिसते. धूर छातीत भरून घेत माणसं तासन्‌तास तिथं असतात.

सेवापुस्तक
कंत्राटी फायरमनसाठी कायदा आहे, वाघूर. लोक दावाच लावत नाहीत, ते दुखणं वेगळं. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत अग्निशमन दलातलं काम स्पष्ट लिहिलेलं होतं. नोव्हेंबर 2025 पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण हिशेबाची रीत तीच: मासिक वेतनाच्या निम्मे गुणिले वयाचा गुणांक. जुन्या कायद्यातली 15,000 ची वेतनमर्यादा धरली तर 30 वर्षांच्या माणसासाठी 7,500 × 207.98 = 15,59,850 रुपये. महिन्यात भरले नाहीत तर 12 टक्के व्याज, वर दंड. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर त्याला जोडलेल्या विम्याचे 7 लाखांपर्यंत वेगळे.

तीन ठिकाणी घोटाळा होतो. ठेकेदार तेराव्याला घरी येऊन लाख-दोन लाख देतो आणि कोऱ्या कागदावर सही घेतो. मृत्यूची भरपाई या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, परस्पर दिलेले पैसे भरपाईत धरत नाहीत. तेव्हा पैसे घ्यायचे तर घ्या, सही देऊ नका. दुसरं, दाव्याला मुदत आहे, दोन वर्षांपुढे नेऊ नका. तिसरं, तो ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विम्यात) असेल तर ही वाट बंद. तिथं वेतनाच्या 90 टक्क्यांपर्यंत आश्रित लाभ दरमहा मिळतो. म्हातारी विधवा आई भरपाईतही आश्रित असते. कुटुंबनिवृत्तिवेतनात सून असेपर्यंत तिचा नंबर लागत नाही, हे घराघरातल्या भांडणाचं मूळ.

गिरणाथडी
तुमच्यातलं कोणीच पुराव्यावर यायला तयार नाही. गृहीतक असो वा नसो, पहिले सहा तास सगळं ठरवतात.

माणूस कोसळला की ठाणे दैनंदिनीत वेळ, पॉइंट आणि किती तासांपासून उभा होता हे तिथल्या तिथे नोंदवून घ्या. बंदोबस्ताच्या आदेशातलं नाव असलेलं पान जपा. ऐनवेळी पॉइंट बदललेला असतो आणि आदेशात जुनाच राहतो, विमेवाला नेमकं तेच दाखवतो. रुग्णालयात दाखल करताना अंगाचं तापमान केसपेपरवर आलं पाहिजे. उष्माघाताचं शवविच्छेदनात ठाम असं चिन्ह मिळत नाही, म्हणून 106-107 फॅरनहाइटची ती एक नोंद नंतरच्या दहा दाखल्यांना भारी पडते.

आणि शवविच्छेदन नाकारू नका. "आता कशाला चिरफाड" म्हणून नातेवाईक देह घेऊन जातात, तिथंच दावा संपतो. अहवालात मरणाचं कारण नुसतं 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडून' लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही, प्रत्येकाचं हृदय शेवटी बंदच पडतं. हृदयाचा तुकडा सूक्ष्म तपासणीला गेला का, ते विचारा.

माझं मत तापीकाठ यांच्या विरोधात. सगळे हृदयविकार नको, फक्त उष्माघात आणि त्यातून आलेला हृदयविकार धरा. नाहीतर रात्रपाळीत खुर्चीत झोपेत गेलेलाही दावा लावेल.

भडगावकर
हाई बरोबर नई शे, गिरणाथडी. रात्रपाळीना मानूस काय मजा करस का? सलग बंदोबस्त, झोप नई, जेवन नई. छाती काय ऊन दखीसनच दुखस का?

तापीकाठ
गिरणाथडी, झोपेत गेलेला अमेरिकेतल्या नियमातही आपोआप येत नाही. आधीच्या 24 तासांत ताणाचं काम दाखवावंच लागतं. रात्री दंगल पांगवून आलेला आणि रात्रभर वायरलेसवर बसलेला, दोघं तिथं वेगळेच धरले जातात. उष्माघातापुरतं बांधलं तर गणपती विसर्जन सुटतं, सारंगखेड्याची थंडीतली यात्रा सुटते.

सेवापुस्तक यांचा एसटी चालकाचा मुद्दा मान्य आहे, पण त्याचं उत्तर त्यालाही आत घेणं हे आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साखर कारखान्याच्या रखवालदाराचा कामावर जातानाचा अपघात, कामाशी संबंध दिसतो म्हणून, भरपाईत धरला. खासगी रखवालदाराची वाटसुद्धा कामात मोजली जाते, आणि यात्रेत उभा हवालदार 'नैसर्गिक'?

सेवापुस्तक
तो अपघात होता, भाऊ, हृदयविकार नव्हे. भरपाई कायद्यातही हृदयविकारासाठी कामाच्या ताणाचा संबंध दाखवावाच लागतो. तुमचं गृहीतक आलं तरी समोरचा पहिला कागद मागणार तो वार्षिक तपासणीचा. त्यात रक्तदाब आणि साखर लिहिलेली असली की वाद तिथूनच सुरू. गृहीतकाच्या मसुद्यात 'आधीचा आजार हे एकटंच नकाराचं कारण होणार नाही' हे वाक्य घालायची तयारी असेल, तर सही मीही करतो.