आगीच्या आधीचं शिकागो

१८७१च्या मोठ्या आगीनंतर शिकागो नव्याने उभं राहिलं, असं नेहमी सांगितलं जातं. ते खरंच आहे, पण या शहराची जिद्द त्याच्या आधीपासून दिसते आणि मला तोच भाग जास्त भावतो.

मूळ गाव मिशिगन तळ्याकाठच्या दलदलीत, जवळजवळ तळ्याच्याच पातळीवर वसलेलं. सांडपाण्याला उतारच नाही. चिखल, कॉलरा, आमांश. मग १८५०च्या दशकात गटारं जमिनीखाली न पुरता रस्त्यांवरच बांधली, वर भराव टाकला आणि घरं त्या उंचीला आणली! विटांच्या अख्ख्या इमारती खाली शेकडो स्क्रू-जॅक (फिरवून वर चढणारे जॅक) लावून, माणसांनी ते एकाच वेळी थोडे थोडे फिरवत उचलल्या. १८६१ मध्ये ट्रेमाँट हाउस हे मोठं हॉटेल उचललं, तेव्हा आत पाहुणे राहत होते.

तरी घाण शिकागो नदीतून तळ्यात जायचीच, आणि पिण्याचं पाणीही त्याच तळ्याचं. म्हणून सुमारे ४५ किलोमीटरचा कालवा खणून जानेवारी १९००मध्ये नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. शिकागो वाचलं, हे मान्य. पण ते पाणी इलिनॉय नदीतून मिसिसिपीकडे, म्हणजे सेंट लुइसच्या दिशेने जाऊ लागलं. सेंट लुइस ज्या राज्यात आहे ते मिझुरी याविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०६ मध्ये हरलं. शिकागोचं कौतुक करताना खालच्या अंगाच्या या गावांची भीतीही सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.