संगणक सुरू होईना, पण फायली हव्या आहेत : आपापले अनुभव लिहावेत

गेल्या पावसाळ्यात माझा लॅपटॉप एका सकाळी सुरूच झाला नाही. पंखा फिरत होता, दिवा लागत होता, पण विंडोजचे चिन्ह येऊन पडदा काळा होत असे. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केले, ‘फॉरमॅट मारू, डी ड्राइव्हला हात लावणार नाही, काळजी नको.’ घोळ असा की डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेले सारे सहसा सी ड्राइव्हमध्येच, म्हणजे फॉरमॅटमध्ये पुसल्या जाणाऱ्या भागात असते, आणि माझे सहा वर्षांचे लेखन नेमके तिथे होते. मी त्याला थांबवले, शेजाऱ्यांच्या संगणकावर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) तयार केले, लॅपटॉप चालू करताना एफ १२ दाबून त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला आणि ‘इन्स्टॉल’ न निवडता ‘ट्राय’ निवडले. विंडोज नीट बंद झालेले नसल्यामुळे उबुंटूने डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडली. मला तेवढेच हवे होते. रात्रभरात सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरले, आणि मग खुशाल फॉरमॅट मारायला दिले. आपण अशा वेळी काय केले, काय चुकले, तेही सविस्तर लिहावे.

छपाई व्यवसाय, कोल्हापूर

आमच्याकडे लग्नपत्रिकांची आणि दिवाळी अंकांची कामे होतात. जुन्या संगणकाने मान टाकली तेव्हा आम्ही हीच पेनड्राइव्हची युक्ती केली, पेजमेकर या पाने मांडण्याच्या प्रोग्रामच्या साऱ्या फायली मोजून उतरवल्या आणि निर्धास्त झालो. नव्या संगणकावर पहिलीच पत्रिका उघडली, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची खिचडी. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवतात. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही. सुदैवाने जुनी डिस्क अजून टेबलाच्या खणात होती. विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्ट्स हा फोल्डर जसाच्या तसा उचलून आणला आणि गणपती पुन्हा जागेवर आले. डिस्क भंगारात गेली असती, तर पंधरा वर्षांच्या पत्रिका आमच्या डोळ्यांसमोर असून नसल्यासारख्या झाल्या असत्या. तेव्हा मराठीत डीटीपी करणाऱ्यांनी फायलींच्या आधी फॉन्ट उतरवावेत.

रत्नागिरी

वीज पडून मदरबोर्ड जळाला, डिस्क मात्र वाचली. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क होती. ती काढून यूएसबीच्या डबीत बसवली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली, दहा मिनिटांचे काम. ‘परवानगी नाही’ असा संदेश आला तरी घाबरू नये, ‘कंटिन्यू’ दाबून थोडे थांबावे. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क असेल तर मात्र स्वतंत्र वीजजोडणी असलेली डबी घ्यावी लागते.

नोकरीनिमित्त बंगळूरु

वरील दोन्ही उपाय माझ्याबाबतीत लागू पडले नाहीत, कारण डिस्क विंडोजच्याच बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद होती आणि ते कुलूप मी स्वतः कधी लावल्याचे मला आठवत नव्हते. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचे खाते जोडताच ते आपोआप लागते, हे मला तेव्हा कळले. दुसऱ्या संगणकाला डिस्क जोडली की ४८ आकडी किल्ली मागितली जाई. माझ्या खात्यात ती नव्हती. दोन दिवस डोके फोडल्यावर आठवले की लॅपटॉप घरी आला तेव्हा पहिली जुळणी भाच्याने त्याच्या खात्याने केली होती. त्याला फोन केला, त्याने खाते उघडून आकडे सहा-सहा करून वाचून दाखवले, आणि मी लिहिताना एक आकडा चुकवल्यामुळे सारे पुन्हा वाचायला लावले.

नाशिक

माझा अनुभव चुकीचा आहे, तरी लिहितो. आमच्या डिस्कमधून घड्याळासारखी टकटक येत होती. तो आवाज ऐकताच वीज बंद करायला हवी होती. मी मात्र ‘आता लागेल’ या आशेने पंधरा-वीस वेळा चालू-बंद केली. कुणीतरी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्लाही दिला, तो ऐकला नाही एवढेच शहाणपण, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरते. शेवटी एका परिचिताने डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरून, आधी सहज वाचता येणारा भाग आणि नंतर खराब जागा अशा क्रमाने, डिस्कची जमेल तेवढी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. त्याला चार दिवस लागले. फोल्डरांची रचना नष्ट झाली होती, म्हणून त्या प्रतीवर फोटोरेक हा हरवलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम चालवला. फोटो निघाले, परंतु नावांच्या जागी नुसते लांबलचक आकडे. मोबाइलच्या फोटोंत तारीख आतच नोंदलेली असल्यामुळे ते लावता आले. अल्बममधून स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना तसा काहीच आधार नाही. रविवारी दुपारी आई माझ्याशेजारी बसते आणि साड्यांवरून कोणते लग्न ते सांगते. आत्तापर्यंत चारशे झाले, हजारभर अजून बाकी आहेत.